बाल्कनीतला दिवाळीचा किल्ला: आधी डोंगर, मग तट

तुमच्या एका प्रश्नात पाच प्रश्न आहेत, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. बाल्कनी साडेतीन फूट बाय सहा फूट. गेल्या वर्षी मातीचा केलेला किल्ला तिसऱ्या दिवशी भेगाळला आणि मुलांचा उत्साह गेला. नऊ वर्षांच्या मुलीला ‘खऱ्यासारखा’ किल्ला हवाय, सहा वर्षांच्या मुलाला फक्त चिखल हवाय. दिवाळीआधी एका रविवारी पुण्याहून दोघांना कुठला किल्ला दाखवावा, हेही विचारलंत. आणि सोसायटीच्या स्पर्धेत नाव द्यावं का, हा पाचवा.

पोरांबरोबर किल्ले करण्यात आणि नंतर आसपासच्या स्पर्धांचे किल्ले तपासण्यात माझ्या बऱ्याच दिवाळ्या गेल्या आहेत. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. घरचे किल्ले माती वाईट म्हणून क्वचितच फसतात, ते फसतात क्रम उलटा असल्यामुळे. लोक आधी तटबंदी आणि बुरुज करतात, मग त्यांना टेकू म्हणून खाली माती लिंपतात. खऱ्या गडावर डोंगर आधी असतो आणि तट त्याच्या कडेकडेने जातो. जिथे कडा तुटलेला आहे तिथे तट बांधायची गरजच नसते, जिथे उतार सोपा आहे तिथे तो दुहेरी करावा लागतो. घरीही दोन दिवस फक्त डोंगर करायचा, तटाचं नाव काढायचं नाही.

सहलीचं आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तुम्ही लोहगडाला जा. सिंहगड जवळ आहे, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळतं, हे सगळं खरं. पण रविवारी तिथल्या गर्दीत मुलांच्या लक्षात भज्यांचा वास राहतो, दरवाजे राहत नाहीत. लोहगडाला लोणावळा लोकलने जाता येतं, मळवलीला उतरायचं. पुढे भाजे गावावरून गायमुख खिंडीची चढण सहा वर्षांच्या मुलाला जड जाईल, तेव्हा लोहगडवाडीपर्यंत गाडी करा आणि चालायची ताकद पायऱ्यांसाठी राखा. सकाळी लवकर पोचा, दुपारी तो रस्ता गाड्यांनी तुंबतो. परतताना पायांत दम उरला असेल तर भाजे लेणी वाटेवरच आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत लोहगड आहे. मुलीला शाळेत सांगायला तेवढंही पुरेल.

लोहगडच का, तर तिथे एकामागून एक चार दरवाजे लागतात: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. वाट सरळ जात नाही, वळसे घेत वर चढते. महादरवाज्यापाशी पोचलात की थांबा आणि मुलांना खाली बघायला लावा. आपण आलो ती अख्खी नागमोडी वाट वरून उघडी दिसते. “आता तू वर पहारा करतोयस आणि बाबा खालून हल्ला करताहेत, तर दगड कुठून टाकशील?” एवढं विचारा. इतिहासाच्या तासापेक्षा जास्त काम या एका प्रश्नात होतं. वर गेल्यावर पाण्याची टाकी आणि तळी मोजायला सांगा. आज्ञापत्रात, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, रामचंद्रपंत अमात्यांनी गड बांधण्याआधी पाणी पाहावं असं बजावलं आहे, ते का, हे टाक्यांपाशी उभं राहून लगेच कळतं. मग पश्चिमेकडचा विंचूकाटा: गडापासून पुढे गेलेली डोंगराची लांब, अरुंद सोंड. मुलीला वही-पेन्सिल द्या आणि तिच्याकडून गडाचा नकाशा काढून घ्या, वेडावाकडा आला तरी चालेल. फोनमधले फोटो घरी आल्यावर कुणी उघडत नाही, हाताने काढलेला नकाशा किल्ला होईपर्यंत भिंतीवर लागलेला राहतो. गडावरून दगड मात्र एकही उचलून आणू नका, आठवण म्हणूनसुद्धा नाही.

खाली उतरताना, किंवा परतीच्या लोकलच्या खिडकीतून, डोंगरांचा आकार दाखवा. सह्याद्री लाव्हाच्या थरावर थर साचून झाला, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासची गोष्ट आहे. त्यामुळे इथले डोंगर चित्रात काढतात तसे टोकदार त्रिकोण नसतात. उभा काळा कडा, मग गवताचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार आणि वर सपाट माथा, असे टप्पे दिसतात. हे एकदा डोळ्यांत बसलं की तुमच्या घरचा किल्ला शेजारच्यांपेक्षा वेगळा दिसणार, कारण दहातल्या नऊ घरी मातीचा नुसता ढीग केलेला असतो.

तुमची बाल्कनी लांब आणि अरुंद आहे. तिच्यात राजगड करू नका. मधे बालेकिल्ला आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या (बालेकिल्ल्याखालच्या तटबंदी केलेल्या सपाट सोंडा), त्याला चौरस जागा लागते. रायगडाचं आकर्षण सगळ्यांना असतं, पण त्याची ओळख वरच्या इमारतींत आहे: नगारखाना, बाजारपेठ, जगदीश्वराचं देऊळ. एवढ्याशा जागेत त्या काडेपेट्यांसारख्या दिसतात. लोहगड मात्र तुमच्या जागेत बरोबर बसतो. घराच्या दाराकडे मुख्य गड, आणि कठड्याच्या कडेने पुढे गेलेला विंचूकाटा. तीन फुटांत गड, अडीच फुटांत सोंड, उरलेल्या अर्ध्या फुटात पायथा. (ज्यांच्याकडे मातीच आणता येत नाही त्यांनी मोठ्या परातीत पाणी भरून मधे सिंधुदुर्ग करावा. त्याला डोंगर लागत नाही आणि मुलांना होड्या सोडता येतात.)

आता भेगा. तुमच्या वर्णनावरून गेल्या वर्षी तुम्ही काळी माती आणलीत, एकाच दिवशी जाडजूड थर दिलात आणि वाळावा म्हणून उन्हात ठेवलात. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. शेतात उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात, त्याच बाल्कनीत पडल्या. यंदा नर्सरीतून लाल माती घ्या. काळीच मिळाली तर तीन घमेली मातीला एक घमेलं बारीक वाळू आणि दोन-तीन मुठी गव्हाचा भुसा किंवा भाताचं तूस घाला. शेण मिळालं तर उत्तम, मातीला धरून ठेवतं, पण फ्लॅटमध्ये वासावरून घरात वाद होतो म्हणून आग्रह नाही.

खरा इलाज आहे बारदान. तागाचं पोतं, प्लॅस्टिकचं विणलेलं नव्हे, कारण त्याला माती चिकटत नाही, सुकली की पापुद्र्यासारखी सुटते. भुसार मालाच्या दुकानात जुनी तागाची पोती मिळतात. आधी फरशीवर जाड प्लॅस्टिकचा कागद पसरा. त्यावर विटा, उलट्या ठेवलेल्या जुन्या कुंड्या, मोडक्या बादल्या, फळांची खोकी यांचा सांगाडा रचा. आतून पोकळ ठेवायचा, पूर्ण मातीचा डोंगर करायचा नाही. ओल्या मातीचं भरलेलं घमेलं वीस किलोच्या आसपास जातं, आणि कठड्याच्या टोकाला अशी वीस-पंचवीस घमेली रचणं शहाणपणाचं नाही. विटांचं वजन भिंतीच्या बाजूला, हलकी खोकी कठड्याच्या बाजूला. सांगाडा रचतानाच कड्यांचे टप्पे पाडा. खालचा टप्पा रुंद, त्यावरचा चार बोटं आत, त्यावरचा आणखी आत. हे नंतर मातीने करता येत नाही, आधी विटेनेच करावं लागतं.

मग बादलीत मातीचा पातळ काला करा, ताकाच्या कढीपेक्षा थोडा दाट. त्यात बारदान बुडवून, निथळून सांगाड्यावर अंथरा आणि प्रत्येक टप्प्याच्या कोपऱ्यात हाताने नीट दाबा. इथे तुमच्या धाकट्याला कामाला लावा. चिखल तुडवणं, पोतं बुडवणं, लिंपणं हे सगळं त्याचं. बारदानावर बोटभर जाडीचा पहिला थर द्या आणि दिवसभर सावलीत राहू द्या. दुसऱ्या दिवशी ज्या बारीक भेगा दिसतील त्यांत पातळ माती भरा, वरून पाणी शिंपडून दुसरा पातळ थर द्या. तो ओला असतानाच चाळलेली कोरडी माती मुठीने उधळा, म्हणजे थापीचे नि बोटांचे वळ झाकले जातात आणि खडबडीतपणा आपोआप येतो. रात्री वर ओलं फडकं टाका. हळू वाळणं हेच भेगांवरचं औषध आहे. परतीचा पाऊस आला तर प्लॅस्टिक घाला, पण थोडं अंतर ठेवून, नाहीतर आत बुरशी धरते.

एक सूचना कुणी देत नाही म्हणून देतो: काम सुरू करण्याआधी बाल्कनीतल्या पाण्याच्या जाळीवर कापड बांधा. हात-पाय आणि घमेली बादलीत धुवायची, माती तळाशी बसू द्यायची आणि वरचं नितळ पाणी तेवढं ओतायचं. मातीने पाइप तुंबला की खालच्या मजल्यावरचे किल्ला बघायला येत नाहीत, भांडायला येतात.

कड्यांचा रंग. ऑइलपेंट अजिबात नको. कोळशाची पूड आणि राख पाण्यात कालवून फक्त उभ्या भागांवर आडव्या पट्ट्यांनी लावा, आडवा सपाट भाग मातीच्या रंगाचाच राहू द्या. तटबंदीला गेरू फासून वर चुन्याच्या रेघांनी विटा काढायची पद्धत फार पसरली आहे. सह्याद्रीतला तट काळ्या दगडाचा असतो. तांबूस बांधकाम हवंच असेल तर कोकणातला जांभ्याचा किल्ला निवडावा. यावर मी थोडा हट्टी आहे, हे कबूल.

तिसऱ्या दिवशी तट. शाडू किंवा चिकणमाती मळून पोळपाटावर लाटा, सुरीने दोन बोटं उंचीच्या पट्ट्या कापा. अर्धवट सुकल्या की उभ्या राहतात, तेव्हा कड्याच्या काठाने लावा. बाहेरून आत पातळ माती चोपून जोड बुजवा. वरच्या चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दाते, सुरीने कापता येतात आणि जंग्यांची, म्हणजे तटातून मारा करायची, भोकं जुन्या पेनच्या रिफिलने पडतात. जंगी आतून बाहेर तिरकी उतरती असते, म्हणजे वरून खालच्या माणसावर नेम धरता येतो. तुमच्या मुलीला हे सांगितलंत तर ती प्रत्येक भोक तपासेल. बुरुजासाठी साचा शोधत बसू नका, मातीची जाड गुंडाळी करून वरून थापली की गोल बुरुज होतो. तट सरळ रेषेत नेऊ नका, डोंगराची कड जशी वळेल तसा वळू द्या.

दरवाजा हा किल्ल्याचा जीव आहे, आणि बहुतेकांचा तो समोरच, पायवाटेच्या नाकासमोर असतो, वर कमानीवर ‘जय भवानी’ लिहिलेलं. शिवकालीन बांधणीत नेमकं उलटं असतं. दोन बुरुज पुढे येऊन दरवाज्याला कवेत घेतात, वाट त्यांच्या मधून वळते आणि शेवटच्या वळणापर्यंत दार दिसत नाही. याला गोमुखी रचना म्हणतात. रायगडचा महादरवाजा आणि सिंधुदुर्गचं प्रवेशद्वार ही तिची ठळक उदाहरणं. तपासायची सोपी युक्ती आहे. पायथ्याशी वाटेवर फोन आडवा ठेवून मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढा. फोटोत दार दिसलं तर बुरुज पुढे सरकवा. मुलं या खेळात तासभर रमतात, आणि सरकवता सरकवता दुर्गबांधणी शिकतात.

हिरवळीसाठी हळीव. वसुबारसेला पाहुणे येणार असतील तर पाच-सहा दिवस आधी पेरा. म्हणजे एकूण काम नऊ-दहा दिवस आधी सुरू झालं पाहिजे, सहामाही परीक्षेच्या शेवटच्या पेपराच्या संध्याकाळीच. हळीव भिजवायचा नाही. ओल्या मातीवर कोरडाच भुरभुरायचा, तळव्याने हलकं दाबायचं, एक दिवस ओल्या कागदाने झाकायचं. ओला झाला की त्याला बुळबुळीतपणा येतो आणि त्या चिकटपणानेच तो उतारावर धरून राहतो. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात. पाणी फवाऱ्याच्या बाटलीनेच द्या, तांब्याने ओतलंत की बी, माती आणि तट सगळं पायथ्याशी. पेरायचं फक्त उतारांवर आणि माथ्यावर, काळे कडे उघडे ठेवायचे. सगळीकडे हळीव टाकला की किल्ला म्हणजे हिरवं लव्हाळं होतं आणि तीन दिवसांची मेहनत त्याखाली गाडली जाते. उरलेल्या हळिवाचे लाडू करा. नाचणीही पेरता येते, गवत बारीक आणि सुरेख येतं, पण तिला दोन-तीन दिवस जास्त लागतात.

चित्रांबद्दल. कुंभारवाड्यातून मातीचे मावळे, गवळणी, वाघ आणायची मजा आहे, ती सोडू नका. पण प्रमाणाचा विचार करा. आठ सेंटिमीटरचा मावळा म्हणजे साडेपाच फुटांचा माणूस धरला, तर तुमचा दोन फुटांचा डोंगर जेमतेम चाळीस फुटांची टेकडी होते. मावळे तटापेक्षा उंच दिसतात आणि सगळा भास मोडतो. म्हणून मोठी चित्रं पायथ्याशी ठेवा: बाजार, शेत, विहीर, पाटलाचा वाडा. महाराजांचं सिंहासन पुढे वेगळ्या चौथऱ्यावर, मान राखून. गडावर अगदी बोटाच्या पेराएवढे पहारेकरी मुलांनाच शाडूचे करू द्या. त्यांना नाक-डोळे नसले तरी लांबून ते माणसंच वाटतात. माथ्यावर एक प्लॅस्टिकची डबी काठापर्यंत पुरून टाकं करा. सलाइनच्या नळीचं कारंजं मुलांना फार आवडतं, मला नाही. नळी सुटली की अर्धा बुरुज वाहून जातो. करायचंच तर पायथ्याच्या तळ्यात, खाली ताट ठेवून. पणत्या पायथ्याच्या कडेला, आणि विजेची माळ लावणार असाल तर तिचा कुठलाही जोड ओल्या मातीला टेकता कामा नये.

तुम्ही आणि तुमचे यजमान, दोघांसाठी एक अट. मुलं झोपल्यावर रात्री अकराला ‘जरा नीटनेटकं’ करायला बसायचं नाही. वाकडा बुरुज वाकडाच राहू दे. मोठ्यांचं काम विटा उचलणं, पोतं पिळणं आणि सुरी हातात देणं इतकंच. मुलीने नकाशा पाहून ठरवायचं, मुलाने लिंपायचं आणि वाटा काढायच्या. त्याने गडावर डायनोसॉर ठेवायचा हट्ट धरला तर पायथ्याच्या जंगलात ठेवू द्या, वाघाशेजारी. त्यावरून मुलीशी भांडण होईलच, होऊ द्या.

वसुबारसेच्या संध्याकाळी मजल्यावरच्या चार घरांना फराळाला बोलवा आणि गड मुलीला दाखवू द्या. चारही दरवाज्यांची नावं, पाणी कुठे, विंचूकाटा कशाला. लहान कार्डांवर तिच्या अक्षरात नावं लिहून काड्यांना लावा. सहा वर्षांचा भाऊ पाहुण्यांना चिवडा देईल आणि मधेच ‘हा चिखल मी केला’ असं सांगेल. आजी-आजोबा असतील तर त्यांना खुर्ची किल्ल्याजवळ द्या. त्यांच्या वाड्यातल्या किल्ल्यांच्या गोष्टी तिथेच निघतात.

आता स्पर्धा. नाव द्या, पण बक्षिसासाठी किल्ला बदलू नका. परीक्षक म्हणून मी कुठेही गेलो की आधी मुलांशी बोलतो. ‘हा दरवाजा इथेच का?’ असं विचारलं की कुठल्या घरी किल्ला कुणी केला हे अर्ध्या मिनिटात कळतं. आई-बाबा पुढे होऊन उत्तरं देऊ लागले की माझे गुण कमी होतात. सगळे परीक्षक असे नसतात हेही सांगून ठेवतो. रोषणाई आणि ध्वनिफीत यांवर भाळणारे भरपूर आहेत. तेव्हा निकाल काय लागेल ते मुलांना आधीच सांगून ठेवा: लागला तर लागला.

शेवटच्या दिवशी किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावून तो उडवायची पद्धत काही ठिकाणी आहे. विटेचे आणि खापरांचे तुकडे थेट डोळ्यांच्या उंचीवर उडतात, बाल्कनीत तर लपायलाही जागा नाही. ते करू नका. तुळशीचं लग्न झालं की हळीव कात्रीने कापा, पहारेकरी आणि चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवा. राखेच्या पट्ट्यांचा वरचा पापुद्रा खरवडून टाका आणि बाकी माती पाणी शिंपडून कुंड्यांत घाला. विटा ज्याच्या त्याला परत. बारदान मात्र धुऊन, कडकडीत वाळवून माळ्यावर टाका. पुढच्या दिवाळीला दुकानदाराकडे तागाचं पोतं असेलच याची खात्री नाही.